तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे दगड सारखेच दिसतात, तर बघायचं काय?

"जुन्या वास्तू बघत फिरताना तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी ठिकाणं एकमेकांत मिसळून जातात. खांब, कमान, पडकी भिंत, पुन्हा खांब. तुम्हाला कंटाळा येत नाही का? आणि मुळात त्यात बघायचं काय असतं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हटलं. विचारणारे बहुधा ओशाळून विचारतात, जणू कंटाळा येणं हा त्यांचाच दोष. तसं नाही. राजाचं नाव, साल आणि लांबी-रुंदी फलकावर वाचून झाली की डोळ्यांना काही कामच उरत नाही, आणि बिनकामाचे डोळे लवकर थकतात.

मी डोळ्यांना एकच काम देतो: ठिगळ शोधायचं. म्हणजे दगडाचा रंग मधेच बदलतो ती रेघ, बुजवलेली कमान, मध्यावर नसलेला कोनाडा, जिना नसलेला दरवाजा. वास्तू बांधून झाली तशीच राहिली असं सहसा होत नाही. कुणी वाढवली, कुणी धर्म बदलला, भूकंपाने पाडली, कुणी दुरुस्त करताना बिघडवली. हे सगळं सांध्यात दिसतं, आणि सांधा ओळखायला इतिहासाची पदवी लागत नाही.

सोपं उदाहरण इजिप्तमधल्या लक्सरच्या मंदिराचं. आतल्या अंगणात अबू अल-हग्गागची मशीद आहे. तिचा एक जुना दरवाजा खालच्या फरशीपासून कित्येक मीटर उंचावर, अधांतरी उघडतो. तो बांधला तेव्हा जमीनच त्या उंचीवर होती. मंदिर गाळात आणि वस्तीत गळ्यापर्यंत गाडलं गेलेलं, त्याच्या वर मशीद. 1880च्या दशकात उत्खनन सुरू झालं, माती निघाली, मशीद मात्र जागेवर राहिली आणि दरवाजा हवेत लोंबकळला. जवळच कर्नाकच्या मंदिरात पहिल्या भव्य द्वारामागे मातीच्या विटांचा ढिगारा पडलेला दिसतो. तिकडे कुणी फिरकत नाही. तो कचरा नव्हे, दगड वर चढवायला रचलेल्या उताराचा उरलेला भाग आहे. काम अपुरं राहिलं म्हणून तो काढायचाही राहिला. एवढाले दगड वर चढवले कसे, या नेहमीच्या प्रश्नाचं निदान एक उत्तर तिथे जमिनीवर पडलेलं आहे.

ठिगळं वाचायला शिकायचं तर स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलसारखी शाळा नाही. 785च्या सुमारास काम सुरू झालं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (रोमनांनंतर स्पेनवर राज्य केलेल्या लोकांच्या) इमारतींचे खांब उचलून आणले. म्हणून तिथे खांबांचे रंग वेगळे, माथे वेगळे, आणि उंची जुळवायला खालच्या बैठकाही कमीजास्त. पण खांब एकूणच बुटके. त्यांवर थेट छत टाकलं असतं तर एवढ्या मोठ्या दालनात अंधार आणि घुसमट झाली असती. यावर उपाय म्हणून कमानीवर कमान चढवली: खालची घोड्याच्या नालासारखी, ती खांबांना एकमेकांशी धरून ठेवते, वरची अर्धगोल, ती छत पेलते. ज्या दुहेरी कमानींचे फोटो जगभर फिरतात त्या अशा अडचणीतून आल्या.

आता पट्टे बघा. जुन्या भागात तांबडा पट्टा विटेचा आणि पांढरा दगडाचा, खराखुरा. तिथून पूर्वेकडे, 987च्या सुमारास अल-मन्सूर या तिथल्या सत्ताधीशाने वाढवलेल्या भागात जा. तिथे सगळा दगडच, वर तांबडा रंग मारलेला. चार पावलांवर बांधणीची पद्धत बदलते, आणि हे एकदा दिसलं की ती सीमा पुन्हा नजरेतून सुटत नाही. वाढ पूर्वेकडेच का? दक्षिणेला नदी आडवी. त्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आज दालनाच्या मध्यावर नाही, एका बाजूला पडला आहे. आणि 1523पासून मधोमध चढवलेलं कॅथेड्रल हे तर सगळ्यात मोठं ठिगळ. ते आवडावं असा आग्रह नाही. मला स्वतःला ते खुपतं. पण त्या कॅथेड्रलमुळेच उरलेली मशीद टिकली असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांना सहज खोडून काढता येत नाही.

इस्तंबूलच्या आयासोफियात हीच गोष्ट एका कोनात दिसते. चर्च म्हणून ती 537 मध्ये पूर्ण झाली. 1453 नंतर मशीद झाली तेव्हा मिहराब मक्केच्या दिशेने बसवावा लागला, म्हणून तो मूळ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे आहे. वरच्या सज्जातून गालिच्याच्या रेघा बघा, त्या इमारतीशी तिरक्या जातात. पहिला घुमट 558 मध्ये कोसळला, दुसरा अधिक उंच बांधला, त्याचेही तुकडे पुढे पडले आणि पुन्हा भरले. आजचा घुमट त्यामुळे नेमका गोल राहिलेला नाही.

दुरुस्ती हे वेगळ्या जातीचं ठिगळ, आणि ती चुकते कशी हे अथेन्सच्या पार्थेनॉनवर दिसतं. इ. स. पू. 447 ते 432 मध्ये हे मंदिर उभं राहिलं ते चुन्याविना. संगमरवराचे ठोकळे लोखंडी पकडींनी जोडले आणि पकडींभोवती शिसं ओतलं, म्हणजे लोखंडाला पाणी लागू नये. 1687 मध्ये आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांनी पडलेले तुकडे पुन्हा उभे केले, पण लोखंड वापरताना शिशाची जुनी काळजी घेतली नाही. गंजलेलं लोखंड फुगतं. त्याने संगमरवर आतून फोडला. गेली काही दशकं ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम चालू आहे. खांबांवर मधासारख्या रंगात मधेच पांढरेशुभ्र तुकडे दिसतील, ते नव्याने भरलेले. "नवं आहे, खोटं आहे" म्हणून तोंड फिरवू नका. नवं हे नवं म्हणून ओळखू यावं हा जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या 1964च्या व्हेनिस सनदेचा आग्रहच आहे. तिथेच आणखी एक गोष्ट करा: कोपऱ्याशी वाकून डोळा पायरीच्या रेषेत आणा. लांब बाजूची पायरी मध्यावर सुमारे 11 सेंटिमीटर वर उचललेली आहे. समोरून बघितलं तर कळणार नाही.

कंबोडियातल्या अंगकोरच्या बाफुऑन मंदिराची दुरुस्ती याहून अवघड. सुमारे 3,00,000 दगड क्रमांक घालून उतरवले, आणि 1975 नंतर ख्मेर रूज राजवटीच्या धुमाकुळात क्रमांकांची कागदपत्रं नष्ट झाली. कोडं सुटून काम 2011 मध्ये संपलं. पश्चिमेच्या भिंतीवर पहुडलेला विशाल बुद्ध आहे, तो मूळच्या शिवमंदिराच्याच दगडांतून सोळाव्या शतकात रचलेला. जवळ उभं राहून तो दिसत नाही, मागे सरकावं लागतं. अंगकोर वाटमध्येच फिरायचं तर हे लक्षात ठेवा की तिथली शिल्पपटांची मांडणी उलट्या प्रदक्षिणेची आहे, मंदिर डाव्या हाताला ठेवून. पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळा: आधी कुरुक्षेत्र, पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, शेवटी लंकेचं युद्ध. अडचण उजेडाची. पूर्वेची ओवरी सकाळी उजळते, पश्चिमेची दुपारनंतर. क्रम आणि उजेड एका फेरीत जमत नाहीत, म्हणून दोन फेऱ्या करा. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, घाई नको.

काही ठिकाणी सांधा आडवा नसून उभा असतो. रोममध्ये कोलोसियमपासून पायी काही मिनिटांवर सान क्लेमेंते आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलं की चौथ्या शतकातलं, आणखी खाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्र देवाचं पूजास्थान; तळाशी पाणी वाहण्याचा आवाज. वरचं चर्च उभं राहण्यासाठी खालच्यात भराव घातला होता. 1857 पासून तो जोसेफ मलूली या आयरिश पाद्र्याने उपसायला घेतला. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र आहे. त्यात मालक नोकरांना खांब ओढायला लावतोय आणि चक्क शिवी देतोय, तीही बोलीत. इटालियन बोलीच्या आरंभीच्या लेखी नमुन्यांत तिची गणना होते. त्याच चित्रात संत क्लेमेंतेचे शब्द लॅटिनमध्ये, शिवी लोकांच्या भाषेत! खाली ओल असते, तळ घसरणारा नसेल असे बूट घाला.

तयारी फार लागत नाही. इमारतीचा आराखडा आदल्या रात्री बघा आणि तिच्या वाढीचे टप्पे त्यावर वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. इतकं केलं की निम्मी ठिगळं जागेवर आपोआप सापडतात. वरचे खांबमाथे आणि छत बघायला 8 पटीची छोटी दुर्बीण घ्या. कोरीव काम भर दुपारी सपाट दिसतं, तिरप्या उन्हात उठून येतं. दिवसाला मोठं ठिकाण एकच. आणि मार्गदर्शकाला "हे कधी बांधलं?" याऐवजी "यातलं मूळ किती आणि काढून नेलेलं कुठे आहे?" असं विचारा. पॉम्पेईत फॉनच्या घरातला सिकंदर-दारयुशाच्या लढाईचा मोझेक ही प्रतिकृती आहे, मूळ नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचं. ते संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी पॉम्पेई करा. तिथली घरं नावाने शोधत बसू नका. विभाग, चौक, दार असा पत्ता असतो. फॉनचं घर 6.12.2, फक्त विभागाचा आकडा रोमन लिपीत लिहिलेला.

ही युक्ती जपानमधल्या इसेला मात्र हरते. तिथलं मुख्य देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, जुनं उतरवतात. 2013 मध्ये 62वी खेप झाली, पुढची 2033ला. कुंपणाआडून छपराचा थोडा भाग तेवढा दिसतो, आणि त्यात ठिगळ नाहीच. शेजारचा रिकामा, पांढऱ्या खड्यांचा चौकोन बघा, आणि परतताना उजी पुलाच्या दोन्ही टोकांची लाकडी तोरणद्वारं. ती उतरवलेल्या देवळांच्या जुन्या खांबांची आहेत.