गार राखेच्या पोटातला निखारा

घर उबदार ठेवणाऱ्या, दार आणि धुराडं असलेल्या बंद शेगडीतली राख वरून हाताला गार लागली की ती विझली असं समजून लोक प्लॅस्टिकच्या बादलीत भरतात, नाहीतर कागदी पिशवीत. आग लागते ती इथून. राख उष्णता धरून ठेवते आणि निखाऱ्यापर्यंत हवा फारशी पोचू देत नाही. त्यामुळे निखारा भराभर जळून संपत नाही, तीन-चार दिवससुद्धा आत धुमसत राहतो. उपसताना हवा मिळाली की तोच पुन्हा फुलतो. म्हणून काढलेली प्रत्येक राख पेटती आहे असंच धरून चाला.

शेगडी विझल्यावर निदान रात्रभर थांबा. राख काढण्याआधी धुराड्याची झडप उघडा, म्हणजे उडणारी धूळ खोलीत न येता वर ओढली जाते. दार एकदम न उघडता थोडं किलकिलं करा, क्षणभर थांबा, मग पूर्ण उघडा. धातूच्या फावड्याने राख हळू उचला आणि डब्याच्या तळाशी नेऊन सोडा. वरून ओतली की घरभर उडते. मास्क आणि हातमोजे घालाच.

डबा धातूचाच हवा, झाकण घट्ट बसणारं हवं. भरला की लगेच घराबाहेर, भिंतीपासून निदान 3 मीटर लांब, फरशीवर किंवा मातीवर ठेवा. लाकडी ओटा नको, वाळलेला पालापाचोळा नको. घरात किंवा गॅरेजमध्ये तर अजिबात नको, कारण धुमसता निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो. डबा चार दिवस तसाच राहू द्या.

गरम शेगडीत पाणी कधीच ओतू नका. शेगडीच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा जातो आणि वाफेबरोबर राख अंगावर येते. राखेचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, त्याने कातडी भाजते. ओली राख साचून राहिली तर लोखंडही गंजतं. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको. बारीक राख त्याच्या फिल्टरमधून निसटते, आणि एखादा निखारा आत गेला तर हवेच्या झोताने पिशवीच पेटते.

सगळी राख खरवडून काढायची का? लाकूड जाळायच्या शेगडीच्या तळाला जाळी नसेल तर 2-3 सेंटिमीटर थर राहू द्या. त्यावर नवा विस्तव लवकर धरतो. कोळशाच्या शेगडीचं उलट आहे. तिथे हवा जाळीखालून येते, म्हणून खालचा ट्रे रोज रिकामा हवा. राख जाळीला टेकली की हवा अडते, जाळी तापून वाकते.

जाता जाता दाराची दोरी (फटीतून हवा जाऊ नये म्हणून दाराच्या कडेने बसवलेली) आणि ती जिथे टेकते ती चौकट पुसा. तिथे राख साचली तर दार नीट मिटत नाही आणि विस्तव आवरत नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा. पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली.

साध्या, बिनरंगाच्या लाकडाची गार राख बागेत पातळ पसरता येते, पण अमोनियायुक्त खताबरोबर नको, त्यातलं नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. कोळशाची किंवा रंगवलेल्या, औषध लावलेल्या लाकडाची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नका. त्यात जड धातू असू शकतात.