रातांब्याचा रंग आणि हिरवा ठिपका

१८ मे

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, संपत आले आहेत. परसातल्या दोन्ही झाडांखाली रोज सकाळी सडा पडतो, परंतु वळवाची एक सर आली की निम्मी फळे खराब होतात, म्हणून मी आणि धाकटी जाऊ पहाटेच वेचणीला लागतो. फळे धुऊन, फोडून, बिया आणि गर बाजूला काढून सालांना मिठाच्या रसाची पुटे देऊन आमसुले करण्याचे काम आम्ही सासूबाईंकडून शिकलो. ते काम आम्हांला येते. जे येत नाही ते म्हणजे आपले आमसूल दुसऱ्याच्या आमसुलाशेजारी ठेवल्यावर ते आपले आहे हे ओळखू येईल अशी व्यवस्था करणे. गेल्या वर्षी पांढऱ्या पिशव्यांवर हाताने चिठ्ठ्या चिकटवून जो माल दिला, तो ज्यांना आवडला त्यांनाही पुढच्या वेळी काय मागावे हे सांगता येईना. 'मालवणच्या त्या बाईंची सोलां', म्हणजे आमसुले, एवढ्या वर्णनावर शहरातला दुकानदार काय काढून देणार?

काल मालवणच्या बाजारात एका दुकानासमोर उभी राहून मी फळीवरची पाकिटे मोजली. अकरा होती. त्यांपैकी नऊंवर माड होता, पाचांवर होडी, आणि चारांवर समुद्रात बुडणारा सूर्य. रातांब्याचे चित्र एकावरच होते, आणि तेही कोणी बघितले असते तर त्याला टोमॅटो वाटले असते. येथे येणाऱ्या माणसाला माड रस्त्यावर फुकट दिसतो. पाकीट घेऊन तो पुण्याला किंवा नागपूरला जातो तेव्हा माड त्याला कोकणाची आठवण देईल, परंतु आमची आठवण देणार नाही. म्हणून माड, होडी आणि सूर्य आपल्या पाकिटावर येऊ द्यायचे नाहीत, एवढे एकच काल नक्की झाले.

नावाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. 'कोकण', 'मालवणी', 'सिंधु' यांना धरून सुचलेली नावे आम्ही एका वहीत लिहिली होती. ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या एका वकिलांनी सांगितले की मालाचा गाव किंवा मालाचा गुण एवढेच सांगणारा शब्द १९९९ च्या कायद्याप्रमाणे एकट्याच्या नावावर सहसा नोंदवता येत नाही, कारण तो शब्द वापरण्याचा हक्क त्या भागातल्या सगळ्यांनाच असतो. 'शुद्ध' किंवा 'अस्सल' असा शब्द नावात घातला, तर हे केवळ व्यापारी नाव आहे असा खुलासा पाकिटावर छापावा लागतो. स्वतःच्या शुद्धतेविषयी असा खुलासा करण्यापेक्षा तो शब्दच नको, असे आम्ही दोघींनी एकदम म्हटले. शेवटी घरातल्याच बोलण्यातला एक लहानसा शब्द निवडला. वाळवलेली फळे २९ व्या वर्गात आणि सरबते ३२ व्या वर्गात मोडतात, म्हणजे अर्ज दोन वर्गांसाठी करावा लागेल, आणि वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन भरणा करताना प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये पडतात. अर्ज जाईपर्यंत ते नाव या वहीतही लिहायचे नाही, अशी जावेची ताकीद आहे.

२ जून

पुण्याच्या पुतण्याने लेबलाचा नमुना पाठवला. मोबाइलवर तो फार देखणा दिसला. रातांब्याच्या सालीचा तो जांभळा-लाल रंग त्याने बरोबर पकडला होता आणि अक्षरे अगदी बारीक, सडपातळ ठेवली होती. छापखान्यातून प्रूफ आले तेव्हा त्याच रंगाचे शिळ्या वांग्याच्या भाजीसारखे काहीतरी झाले होते. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, त्यामुळे पडद्यावर चमकणारे काही जांभळे आणि गुलाबी रंग छपाईच्या चार शायांतून निघतच नाहीत, हे मला आज समजले. त्यात आमचा पाऊच तपकिरी कागदाचा, म्हणजे शाईखालून तोही आपला रंग मिसळतो. पाऊचवर थेट छापण्याचा मोह सोडून पांढरा स्टिकर घ्यावा लागणार.

अक्षरांची अवस्था याहून वाईट होती. 'किंमत' या शब्दातली वेलांटी एका बाजूला आणि अनुस्वार तिसरीकडे गेला होता, आणि 'विक्री' तला रफार की रकार, कोणास ठाऊक, स्वतंत्रपणे उभा होता. छापखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरे नीट कळत नाहीत. तिथल्या ऑपरेटरने शांतपणे सांगितले, ''ताई, फाइल कर्व्ह करून द्या.'' म्हणजे अक्षरांचे चित्र करून पाठवायचे, मग ती हलत नाहीत. पुतण्याला ते सांगताना मी बारीक अक्षरांचीही तक्रार केली. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार, अशी तीन मजली व्यवस्था असते. तिला बारीक रेघ आणि कमी जागा दिली की स्टिकरवर नुसती खरवड उरते. सासूबाईंना चष्मा न लावता वाचता आले पाहिजे, अशी अट मी घातली, आणि पुतण्याने ती मुकाट्याने मान्य केली.

२३ जून

पाऊस. स्टिकरांना बुरशी लागू नये म्हणून ते धान्याच्या डब्यात ठेवले आहेत. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, बाटलीवरून थेंब ओघळला की साध्या कागदाचे लेबल दोन दिवसांत सुटते, म्हणून बाटल्यांसाठी लॅमिनेशन केलेले स्टिकर घेतले. आज लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

१२ ऑगस्ट

आजचा प्रसंग लिहून ठेवलाच पाहिजे, कारण तो सर्वस्वी माझ्या काटकसरीचा आहे.

चार रंगांच्या छपाईचा दर ऐकून मी पहिली ५०० लेबले एकाच रंगात छापून घेतली होती. रंग कोकमाचा, पार्श्वभूमी पांढरी, अक्षरे जाड आणि स्वच्छ, असे ते लेबल दिसायलाही चांगले वाटले. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, वजन, किंमत, घटक, बॅच आणि पत्ता, सगळे जागच्या जागी होते. फक्त मराठीत छापण्याची माझी इच्छा पुरी झाली नाही, कारण आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते आणि मराठी त्याच्या जोडीला चालते. तेही आम्ही केले. पुतण्याने उत्साहाने भौगोलिक मानांकनाची खूण घातली होती ती मी काढायला लावली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये ते मानांकन मिळाले असले, तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते आपल्या पाकिटावर मिरवता येत नाही. दिरांनी सुचवलेले 'पित्तावर रामबाण' हेही काढले, कारण खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा छापायला कायद्याने मनाई आहे, आणि ते खरे आहे की नाही हेही आम्हांला ठाऊक नाही.

एवढी सगळी काळजी घेतल्यावर आज सकाळी पुण्याहून एका गृहिणीचा फोन आला. आवाज संकोचलेला होता. ''काकी, श्रावण आहे म्हणून विचारते, यात मासळी वगैरे असते का?'' मला प्रश्नच कळेना. मग त्यांनी सांगितले की पाकिटावरच्या चौकोनात तपकिरी ठिपका आहे. मी धावत जाऊन पाकीट पाहिले. शाकाहाराची खूण हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका असते. आमची सगळी छपाई एकाच शाईत झाल्यामुळे तो ठिपकाही कोकमाच्या रंगाचा छापला गेला होता, आणि मांसाहारी मालावरचा जुना तपकिरी ठिपका ज्यांच्या डोळ्यांत बसला आहे, त्यांना तो अगदी तसाच दिसत होता. प्रूफ मी तीन वेळा तपासले होते, जावेने दोन वेळा. रंगाचा अर्थ असतो हे आम्हां दोघींच्याही ध्यानात आले नाही, कारण आम्ही अक्षरे वाचत होतो.

सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ''मालवणात कोण इचारलां नसता.'' हे खरे आहे, पण आमचे गिऱ्हाईक मालवणात नाही. उरलेली लेबले टाकून द्यायची. वरून हिरवे टिकले चिकटवावेत असे जाऊ म्हणत होती, परंतु अशी डागडुजी केलेले पाकीट पाहिले की घेणाऱ्याला आत आणखी काय दडवले आहे अशी शंका येते. नवे लेबल दोन रंगांत, कोकमाचा आणि हिरवा. त्यामुळे नावाखाली एक हिरवे पानही घालता येईल. चुकीतून निघालेले हे पान मला आधीच्या नमुन्यापेक्षा जास्त आवडते आहे.

२१ सप्टेंबर

गणपतीला आलेले चाकरमानी परतताना भरपूर माल घेऊन गेले आणि आता दहा-बारा दिवसांनी त्यांचे फोन येत आहेत. तक्रारींची मोजणी केली तेव्हा लक्षात आले की चवीबद्दलची एकही नाही, परंतु निम्म्याहून अधिक तक्रारी वाचण्याच्या आहेत. कोणी आगळ विकत घेऊन त्यात साखर न घालता नुसते पाणी ओतले आणि सरबत खारट लागले. कोणी आमटीत आगळ घालून वर नेहमीचे मीठही टाकले. एकांना आमसुलांवरची पांढरी पूड बुरशी वाटली, ते तर पाकीट परतच पाठवत होते. कोकणाबाहेरच्या माणसाला आमसूल, आगळ आणि अमृत कोकम (सरबतासाठीचा गोड पाक) या तिन्हींना 'कोकम' हा एकच शब्द माहीत असतो, आणि आम्ही सुंदर अक्षरांत तेवढाच शब्द मोठा छापला होता.

म्हणून पाकिटात घालण्यासाठी चार पानांचे एक पत्रक लिहिले. पहिला मसुदा वाचून जाऊ म्हणाली, ''वहिनी, ही शाळेतली निबंधाची वही वाटते.'' तिचे खरे होते. पहिल्या पानावर मी निळा समुद्र, लाल माती आणि आमच्या घराण्याची परंपरा असे लिहून ठेवले होते. ते सारे काढून टाकले. आता पहिल्याच ओळीत लिहिले आहे, 'आगळ खारट असते. हे सरबत नव्हे.' त्यानंतर, आगळ घालणार असाल तर मीठ शेवटी चाखून घाला. सोलकढीसाठी आठ-दहा आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, आणि नारळाचे दूध मिसळल्यावर कढी उकळू नका, ती फुटते. पांढरी पूड मिठाची आहे, पाण्यात टाकली की विरघळते. केसाळ, मऊ थर दिसला तर मात्र ती बुरशी आहे, पाकीट आम्हांला परत करा. बाटली उजेडात ठेवू नका, रंग उडतो.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मलाच लाज वाटली, कारण आमची बाटली पारदर्शक आहे आणि दुकानदार ती मुद्दाम उन्हाकडे मांडतात, लाल चमकते म्हणून.

५ ऑक्टोबर

पत्रक घातलेली पहिली साठ पाकिटे गेली. त्यानंतर सात फोन आले. पूर्वी लोक विचारत, हे खराब झाले आहे का. आता विचारतात, मुठेल (कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा) मिळेल का, ते तेल तुम्ही काढता का, पुढच्या पत्रकात तिवळाची, म्हणजे नारळाच्या दुधाशिवायच्या कोकमाच्या साराची, कृती द्याल का. एका आजोबांनी पत्रकातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. तीन ठिकाणी पत्रक स्वयंपाकघरातल्या कपाटावर आतून चिकटवले असल्याचे कळले. त्यावर आमचे नाव आणि फोन नंबर आहे, हे मात्र मी छपाईच्या वेळी फारसा विचार न करता घातले होते.

आज जावेने काळसर बाटल्यांचा दर विचारून आणला. बाटलीमागे काही रुपये जास्त पडतात आणि आतला लाल रंग दिसणार नाही. ती म्हणते, दिसला नाही तर घेणार कोण. मी म्हणते, लेबलाचा रंग आहे की तोच. उद्या दोन्ही प्रकारच्या दहा-दहा बाटल्या ओसरीच्या उन्हात मांडून ठेवणार आहोत. पंधरा दिवसांनी उघडू.