अण्णाच्या जागेवर पाच दिवस

दिंडीत अण्णाचं नाव आधीच लिहिलेलं होतं आणि भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचे, पैसेही भरलेले. ते काय आता परत मिळत नाहीत, भावोजी तुम्हीच जाऊन या, असं वहिनी म्हणाल्या म्हणून मी गेलो. खरं कारण एवढंच, कोणी विचारलं तर मात्र काहीतरी मोठं सांगतो.

अण्णा माझा शेजारी आणि शाळेपासूनचा दोस्त. सोलापुरात पूर्व भागात टॉवेलचे चार माग, ते वीस दिवस बंद ठेवणं परवडायचं नाही म्हणून तो दरवर्षी नातेपुतेला जाऊन दिंडीत मिळायचा. "का बे, एकदा चल की, तुझा येशू काय रागावत नाही," हे दर आषाढात ठरलेलं. मी हसून सोडून द्यायचो, पुढच्या वर्षी म्हणायचो. यंदा चैत्रात एका सकाळी कारखान्यात जायला निघाला, चप्पल घालायला पायरीवर वाकला आणि उठलाच नाही. वय ४६, माझंच.

त्यानंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका काकांनी प्रार्थनेनंतर हळूच विचारलं, त्याचं तारण झालं होतं का, म्हणजे आत्मा वाचला का? आणि गल्लीतल्या एकाने सांगितलं, मागच्या जन्माचं काहीतरी असणार. दोघांनाही उत्तर दिलं नाही. मला दोघांचाही सारखाच राग आला, आणि काकांचा जरा जास्तच, कारण ते आपले.

आई म्हणाली, ख्रिस्ती माणूस पालखीत कशाला? मी म्हटलं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तरी तुकोबाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, आणि आपण मंडळीत झांजा घेऊन भजनं म्हणतो ती कुठल्या चालीवर? तर म्हणे, ते इकडे आले, तू तिकडे निघालास. यावर काय बोलणार. डब्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली मात्र.

पहिल्या रात्री नातेपुतेला राहुटीत एकाने यादी वाचली आणि अण्णाचं नाव घेतलं. कोणीच बोलेना, मग मीच म्हटलं, वारला. तो थांबला, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, मग त्याच्या पानावर कोण जेवणार? मी म्हटलं, मी. एवढंच झालं. पण तो नंतरही रोज तेच नाव वाचायचा, आणि मी रोज "आहे" म्हणायचो.

बाकीचे दिवस एकात एक मिसळलेत. टँकरची रांग, पहाटेच्या अंधारातली धावपळ, शेजारच्या माऊलीचं घोरणं (देवा क्षमा कर, तिसऱ्या रात्री मी त्यांना मुद्दाम लाथ मारली), रीळ काढणारी पोरं. पुरंदावड्याला रिंगण झालं, मला लोकांच्या पाठी दिसल्या.

माळशिरस ते वेळापूर मात्र तासातासाने आठवतं. रस्ता आता चौपदरी काँक्रीटचा, सावली कुठंच नाही, पाऊस दोन दिवस गायब. खुडूसचं रिंगण झालं आणि डाव्या टाचेला पाण्याने टम्म भरलेला फोड आलाय हे कळलं. लंगडत चाललो तर उजव्या पायालाही आला. मागून टाळकरी येतायत, "चला माऊली चला" करतायत, आणि मला इतकी चीड आली की रस्ता सोडून कडेला बसलो. अण्णावरच चिडलो खरं तर. मरायचं होतं तर आषाढीनंतर मरायचं की.

तिथं परभणीकडची एक म्हातारी बसली होती, तिने न विचारताच माझा पाय ओढून मांडीवर घेतला. पिशवीतून सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं, दोरा ओवला आणि फोडातून आरपार घालून दोरा तसाच ठेवला.

"काढू नकोस, पानी निथळू दे. माळ नाही का रे गळ्यात?"

"ख्रिस्ती आहे मी, मावशी."

"बरं. दुसरा पाय दे." मग दोरा ओवता ओवता, "तुमच्यात माती देतेत का जाळतेत?"

"माती."

"मग जागा लागत आसल."

आणि तिने पिशवी उघडून दाखवली. नवं कोरं लुगडं, प्लास्टिकमध्ये पाचशेच्या चार नोटा आणि नातवाचा मोबाईल नंबर लिहिलेला कागद. वाटंत काही झालं तर दिंडीवाल्यांना भुर्दंड नको, म्हणाली. उद्या बाजारला जायचंय अशा सुरात. बायबलातली दहा कुमारींची गोष्ट मी लहानपणापासून दरवर्षी ऐकतोय, जागे राहा, दिव्यात तेल ठेवा, आणि माझ्या विम्याच्या कागदावर नॉमिनी म्हणून अजून वारलेल्या वडिलांचं नाव आहे.

ती निघून गेली, नाव विचारायचं राहिलं. मी दोरे लोंबत असलेले पाय घेऊन चालत होतो आणि डोक्यात लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज. तो पडून १८ माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. आणि तुम्हीही पश्चात्ताप करा म्हणतो. म्हणजे मेलेल्याचा हिशोब राहू द्या, तुमचं बघा. काकांना हे पाठ आहे, मलाही पाठ आहे. पण बुरूज का पडला ते तिथंही सांगितलेलं नाही. आणि लाजर, प्रभूचा दोस्त. त्याला पुरून चार दिवस झाल्यावर प्रभू आला, थोड्या वेळात त्याला उठवणारच होता, तरी कबरेकडे जाताना रडला. मी चैत्रापासून रडलो नव्हतो, पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून सगळ्यांना धीर देत फिरत होतो.

वेळापूरच्या अलीकडे धावा झाला, सगळे उतारावरून पळत सुटले, सत्तरीची माणसं पळाली. मी मागे एकटा लंगडत, आणि तिथं रडू आलं. बराच वेळ. धुळीत कोणाला काय दिसतंय.

भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. दर्शनरांगेत उभा राहिलो नाही, आईला तसा शब्द दिला होता. वाळवंटात बसून चंद्रभागेत पाय बुडवले, ते दोरे तोवर सुटून गेले होते. चुरमुरे, बत्तासे, बुक्का घेतला आणि एसटीत उभ्याने सोलापूर.

वहिनींनी पिशवी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "एवढेच? ते दोन किलो आणायचे. गल्लीत कुणाकुणाला पुरवू?"

मी चप्पल पायरीवरच परत घातली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दीड किलो चुरमुरे आणून त्यात मिसळले.