आमच्या शाळेचा सातबारा काढायला सव्वादोन वर्षं लागली, त्याचा अनुभव

बरेच जण विचारतात की शाळेच्या खोल्या मंजूर करून आणायच्या तर सुरुवात कुठून करायची, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी स्वतः शिवणकाम करते, बारावी शिकलेय, जमिनीच्या कागदपत्रांचा आधी काडीचा संबंध नव्हता. माझी मुलगी आमच्या जिल्हा परिषद शाळेत होती आणि २०२२ ला मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, तेव्हा माझं नाव आलं ते त्या हिशोबात. पण एकदा नाव आलं की मग काम करायचंच असं मी ठरवलं होतं.

त्याच वर्षी जुलैत एका रात्री पावसात तिसरी-चौथीच्या खोलीचा कौलाचा वासा मोडून खाली आला. रात्र होती म्हणून वाचलो, एवढंच म्हणते. सकाळी बघायला गेले तर पहिल्या बाकावर, जिथे माझी मुलगी बसते, तिथे कौलांचा ढीग. पंचायत समितीचे इंजिनियर आले, पाहणी झाली, दोन्ही खोल्या धोकादायक ठरल्या, निर्लेखनाचा, म्हणजे पाडून टाकायचा, प्रस्ताव गेला आणि ३८ पोरं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसायला लागली. चार वर्ग, दोन शिक्षक, एक फळा खांबाला टेकवलेला.

आम्हाला वाटलं आता दोन खोल्यांची मागणी टाकली की झालं. कायद्यातच आहे, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि मुख्याध्यापकांसाठी ऑफिस कम स्टोअर. ऑगस्टमध्ये प्रस्ताव परत आला, वर एक ओळ लिहिलेली, जागेच्या मालकीचा पुरावा जोडावा. मोठे गुरुजी म्हणाले, अहो ताई, शाळा पन्नास वर्षं इथंच आहे की. मी म्हणलं, तरी सातबारा काढून बघू. मोबाईलवरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. गट आमच्या गावातल्या एका कुटुंबाच्या नावावर, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, आणि पूर्ण पानावर शाळेचा उल्लेख कुठंच नाही. मालक म्हणून ज्यांचं नाव होतं ते आजोबा १९९१ लाच वारलेले.

मग जुन्या माणसांकडून कळलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर शाळा देवळातून बाहेर काढायची ठरली तेव्हा त्या आजोबांनी चारचौघांत सांगितलं होतं की रस्त्याकडचा अर्धा एकर शाळेला दिला. शब्द दिला, कुदळ मारली, शाळा उभी राहिली. कागद कुणी केलाच नाही. आणि शाळेची माहिती सरकारला कळवायच्या यू-डायस फॉर्ममध्ये दरवर्षी इमारत सरकारी आणि विस्ताराला जागा उपलब्ध असं भरलं जात होतं, कुणाची चूक काढायची नाही, सगळ्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

तालुक्याला ओळखीच्या वकील मॅडमनी नीट समजावलं. जमिनीचं दान तोंडी होत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याचं कलम १२३, बक्षीसपत्र नोंदणीकृतच पायजे आणि दोन साक्षीदार पायजेत. आणि कलम १२२ प्रमाणे देणारा जिवंत असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारायला लागतं. म्हणजे आजोबांचं दान कायद्याच्या नजरेत झालंच नाही, आता त्यांच्या वारसांनी नव्याने द्यायचं. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, तुमच्या शाळेचा सातबारा आजच काढून बघा, देणारं माणूस हयात असेल तर पुढच्या आठवड्यात कामाला लागा.

मध्ये एक वळण आलं ते पण सांगते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत काही जण म्हणाले कशाला त्या घराच्या पाया पडायचं, हायवेच्या पलीकडे गायरान आहे, तिकडं मोठी शाळा बांधू, ग्राऊंड पण होईल. ऐकायला बरं वाटतं. पण गायरान सरकारी असतं, ते मागायला जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी फाईल, आणि २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गायरानाचं काम फार कडक झालंय. त्यापेक्षा मोठी गोष्ट पोरांची. मी आणि गुरुजींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला गावाचा नकाशा काढला, प्रत्येक पोराचं घर टिंब करून मांडलं. ३८ पैकी ३१ टिंबं आत्ताच्या शाळेपासून दहा मिनिटांच्या चालीत. गायरान दोन किलोमीटर, मध्ये उसाचे ट्रॅक्टर पळणारा रस्ता. पहिली ते पाचवीच्या शाळेला कायद्यानं एक किलोमीटरच्या आतलं अंतर सांगितलंय ते उगाच नाही. तो नकाशा सभेत फिरवला, बायकांनी आपापल्या पोराचं टिंब शोधलं आणि मग कुणी गायरानाचं नाव काढलं नाही.

आता मुख्य काम. वारस नोंद. आजोबांचे वारस म्हणजे आजी (वय ८४), थोरला मुलगा, धाकटा मुलगा वारलेला म्हणून त्याची बायको, मुलगी, मुलगा, आणि आजींच्या दोन लेकी, एक कोल्हापूरकडं दिलेली आणि एक नवी मुंबईत. सात नावं. लेकींची पण सही लागते का असं थोरल्या काकांनी विचारलं, तर हो, त्या पण वारसच, त्यांच्याशिवाय कागद पक्का होत नाही. मृत्यूचे दाखले, शपथपत्र, तलाठी भाऊसाहेबांकडे अर्ज, नोटीस, पंधरा दिवस हरकतीची मुदत, मग सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांची, मंजुरी. धाकट्याचा मृत्यू दाखला मुंबईतल्या हॉस्पिटलच्या नावाने होता आणि नावात स्पेलिंग वेगळं, त्यातच चार महिने गेले. २०२३ च्या पावसाळ्यात सात नावं सातबाऱ्यावर लागली.

नावं लागली आणि खाली इतर हक्कात नजर गेली. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, १९९८ सालचा. काका म्हणाले ते कर्ज तर कधीच फेडलं. फेडलं होतं खरंच, पण बोजा कमी करायचं कुणी बघितलं नाही. सोसायटीत जुनी लेजर शोधायला मी दोन दिवस बसले, सेक्रेटरी भाऊ पण चांगले, त्यांनी धूळ झाडत एकेक वही काढली, शेवटी २००१ च्या वहीत भरणा सापडला, निल दाखला मिळाला आणि बोजा उतरला. हे इतकं लांबवून सांगते कारण पुढच्या माणसाने सातबारा वरून खालपर्यंत पहिल्याच दिवशी वाचावा, आम्ही वरची नावं बघितली आणि खालचं सोडलं, त्याचे तीन महिने गेले.

भाऊबीजेला, १५ नोव्हेंबर २०२३, दोन्ही लेकी आल्या तेव्हा मी मुद्दाम ओवाळणीनंतर गेले. सगळे एकत्र बसले होते. मी सांगितलं कशाला काय लागतं. कुणी नाही म्हणलं नाही, ही त्या घराची थोरवी. पण वकील मॅडमनी एक अडचण सांगितली होती, धाकट्याचा मुलगा १७ वर्षांचा. अज्ञान मुलाची जमीन आईला परस्पर देता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि बक्षीस द्यायला कोर्ट परवानगी देणं अवघड. तो जूनमध्ये १८ चा होणार होता. म्हणजे सात महिने थांबायचं. एकीकडं ८४ वर्षांची आजी आणि दुसरीकडं हा मुलगा सज्ञान व्हायची वाट, ते सात महिने मला कसे गेले मला माहित, आजी खोकल्या तरी धस्स व्हायचं.

थांबायचंच आहे तर मोजणी करून घेऊ म्हणून भूमी अभिलेखला अर्ज टाकला. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या. ज्वारी निघाल्यावर मार्चमध्ये सर्व्हेअर आले, आता साखळी आणि टेबल नसतं, काठीवर रोव्हर असतो, उपग्रहावरून पॉईंट घेतात, दोन तासात काम. सगळं गाव बघायला. आणि निघालं काय तर शाळा वापरते ती जागा २० गुंठे बरोबर, पण त्यातले या गटात फक्त १७. उरलेले तीन गुंठे, म्हणजे कबड्डीचं मैदान, शेजारच्या गटात. शेजारचे मामा भले माणूस, म्हणाले पोरं खेळू द्या, पण भिंत घालू नका. त्यांचं पण बरोबरच, त्यांची जमीन आहे.

खरी अडचण १७ या आकड्याची होती. तुकडेबंदी कायदा. जिरायतीला २० गुंठ्यांचं प्रमाणभूत क्षेत्र, त्याच्या आतला तुकडा पाडून दस्त करायला गेलं की दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांकडे अडतं. वर परवानगी मागायची तर अजून एक फाईल, आणि तोपर्यंत लोकसभेची आचारसंहिता लागलेली, तहसीलचा सगळा स्टाफ इलेक्शनला. मी संध्याकाळी आजींच्या पडवीत जाऊन बसले, काय बोलावं सुचेना, नुसतं सांगितलं की आजी, मोजणीत सतराच भरले. आजी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि मुलाला हाक मारली. "त्यांनी अर्धा एकर म्हणलं होतं. मग अर्धा एकर पुरा करून दे."

काका गप्प बसले. शाळेला लागून चिंचेकडची जी बाजू, तिथं त्यांनी मागच्याच वर्षी ड्रिपची मेन लाईन टाकली होती, सोपी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः माझ्या दारात आले, म्हणाले, ताई, चिंच पण शाळेत घ्या, चार गुंठे धरा, २१ होतील, काठावर नको. एकच मागणं, आमच्या विहिरीची वाट बंद होऊ नये. ते बक्षीसपत्रात लिहून घेतलं, आठ फुटी वाट, चतु:सीमेसकट, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी लिहून.

आता घेणाऱ्याची बाजू. जमीन घेणार जिल्हा परिषद, तर ती स्वीकारायचा ठराव लागतो आणि सही कोण करणार त्याचं अधिकारपत्र. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेत सदस्य नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे कुठल्या सदस्याला धरून पाठपुरावा करावा तर तेही नव्हतं. मी आणि गुरुजी अकरा वेळा जिल्ह्याला गेलो. एका टेबलावर फाईल दोन महिने पडून राहिली आणि विचारलं तर उत्तर मिळायचं, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी आम्ही समितीतल्या सहा बाया ग्रामसभेचा ठराव, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आणि पोरं सभामंडपात बसलेला फोटो घेऊन गेलो आणि शांतपणे बाहेरच्या बाकावर बसलो, भांडलो नाही. दुपारी चारला बोलावलं. जुलैत अधिकारपत्र हातात आलं.

ऑगस्ट २०२४ ला दस्त. आजींना गुडघ्यामुळे गाडीत बसता येईल का याची काळजी होती, घरी येऊन नोंदणी करायची सोय पण कायद्यात आहे, कलम ३१, पण आजी म्हणाल्या मी येणार. लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून आल्या. अंगठा घ्यायची वेळ आली तर मशीन घेईना. आयुष्यभर खुरपं धरलेला हात, रेषाच राहिल्या नाहीत. एकदा पुसला, दोनदा पुसला, ऑपरेटर पोरगी म्हणाली आजी जरा डोक्याचं तेल लावा बोटाला. नातवाने, तोच १८ वर्षांचा झालेला, आजीचा हात दोन्ही हातात धरला, बोट केसांवरून फिरवलं आणि हळूच काचेवर टेकवलं. सहाव्यांदा हिरवा दिवा लागला. मग सात जणांच्या सह्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांची स्वीकारल्याची सही, दोन साक्षीदार. मी एक साक्षीदार. माझं नाव त्या कागदावर आहे याचं मला खूप समाधान आहे.

पुढचं भराभर झालं. दस्ताची माहिती ऑनलाईन तहसीलला गेली, नमुना ९ ची नोटीस, पंधरा दिवसात हरकत नाही, सर्कलने फेरफार मंजूर केला, कमी-जास्त पत्रक होऊन पोटहिस्सा, म्हणजे गटाचा वेगळा भाग, पडला आणि विधानसभेची आचारसंहिता लागायच्या चार दिवस आधी वेगळा सातबारा निघाला. ० हेक्टर २१ आर, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. गुरुजींनी प्रिंट काढली आणि पोरांना वाचून दाखवली, पोरांना काय कळलं माहित नाही पण टाळ्या वाजवल्या.

त्या सातबाऱ्यावर जिल्हा नियोजनच्या निधीतून दोन खोल्या आणि ऑफिस मंजूर झालं. मागच्या मार्चमध्ये लाईनआऊट टाकली. फक्कीची पांढरी रेघ मारताना इंजिनियर खोल्या पश्चिमेला सरकवायला बघत होते, मग व्हरांड्याचा रॅम्प विहिरीच्या वाटेत जात होता. मी दस्ताची झेरॉक्स घेऊनच गेले होते, चतु:सीमेचं पान उघडून दाखवलं. टेप धरून आठ फूट मोजले, खुंटी ठोकली आणि खोल्या पाच फूट पूर्वेला घेतल्या. चिंच तशीच ठेवलीय, तिच्या बुंध्याला पार बांधायचं इस्टिमेट वेगळं टाकलंय.