फरक ७१चाच होता

सकाळी फोन आला तो एका खासदारांच्या स्वीय सहायकांचा. महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांच्या कामगिरीचा तक्ता आम्ही आदल्याच संध्याकाळी पुढे धाडला होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "१७ डिसेंबरला साहेब सभागृहात होते, मतही दिलंय. तुमच्याकडे 'मत नाही' कसं काय लागलं?"

१७ डिसेंबर २०२४, म्हणजे एकत्र निवडणुकांसाठीचं १२९वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं तो दिवस. आमच्या तक्त्यात या मतदानापुढे 'तपासले' अशी खूण होती, त्यामुळे आधी वाटलं, साहेबांचीच काही गल्लत असेल.

गल्लत आमची होती. नव्या इमारतीत लोकसभेनं यंत्रानं मत नोंदवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. यंत्राचा पहिला आकडा आला २२० विरुद्ध १४९. ज्यांचं मत नोंदलं गेलं नाही किंवा ज्यांना ते बदलायचं होतं त्यांना चिठ्ठ्या मिळाल्या, आणि अंतिम निकाल झाला २६९ विरुद्ध १९८. म्हणजे ३६९ मतांची ४६७ झाली. तक्ता भरताना आमच्या माणसानं यंत्रावरची नावं घेतली, चिठ्ठीवाली सोडली.

मग पडताळणीत हे सापडलं का नाही? चिठ्ठ्यांमुळे एकूण मतं नेहमीच दोन-चारनं हलतात. म्हणून आम्ही बेरजेच्या नादी न लागता 'होय' वजा 'नाही' एवढंच ताडून पाहायचो. इथे दोन्ही बाजूंना बरोबर ४९-४९ मतं वाढली होती. आधीही फरक ७१, नंतरही ७१. वजाबाकी जुळली आणि खूण पडली. असा योग पुन्हा यायचा नाही, पण रीत मुळातच चुकीची होती. बेरीज, वजाबाकी आणि प्रत्यक्ष नावांची मोजदाद, तिन्ही जुळल्याशिवाय खूण करायची नाही, हे त्या दिवशी ठरलं.

अध्यक्ष निकाल वाचताना 'दुरुस्तीच्या अधीन' असं म्हणतात ते उगाच नाही. जुन्या सभागृहात तर एका हातानं मतदानाचं बटण आणि दुसऱ्या हातानं हिरवं (होय), लाल (नाही) किंवा पिवळं (तटस्थ), अशी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबायची आणि दुसरी घंटा होईपर्यंत सोडायची नाहीत. अवघ्या दहा सेकंदांचा खेळ. हात लवकर उचलला की मत गेलं. शिवाय मत आपल्या नेमून दिलेल्या जागेवरूनच द्यायचं. शेजाऱ्याच्या बाकावर गप्पा मारत बसलेला सदस्य हजर असूनही यादीत दिसत नाही. २० सप्टेंबर २०२३ चं महिला आरक्षणाचं मतदान तर सगळंच चिठ्ठ्यांवर झालं. तिथे ४५४ विरुद्ध २ हा आकडा इतका एकतर्फी आहे की कोणी यादी उघडतच नाही. उघडली तर विरोधातली दोन्ही मतं एकाच पक्षाची आणि त्यातलं एक महाराष्ट्रातलं आहे, हे कळतं.

१७ डिसेंबरची यादी परत काढल्यावर दुसरी चूक दिसली. रकान्याचं शीर्षक होतं 'विधेयकावरील मत'. त्या दिवशी मत झालं ते विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर. त्याला साधं बहुमत पुरतं. घटनादुरुस्ती मंजूर करताना मात्र एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांशही लागतं. ४६७ मतांत ते ३१२ होतात. २६९ या आकड्यावरून 'सरकार हरलं' म्हणणारेही चुकले आणि 'विधेयक मंजूर झालं' म्हणणारेही. आम्ही शीर्षक बदलून 'मांडणीच्या टप्प्यावरील मत' केलं.

मग सहायकांनी दुसरा प्रश्न काढला. साहेब मागच्या लोकसभेतही होते, मग २०२० च्या कृषी विधेयकांसमोर रकाना रिकामा का? याला मात्र आमच्याकडे उत्तर होतं. ती दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानं मंजूर झाली. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधक मतविभाजन, म्हणजे मतांची मोजणी, मागत होते, तरीही. आवाजी मतदानात नाव राहत नाही, म्हणून कोणाचंही मत दाखवता येत नाही. २०२१ मध्ये ते कायदे रद्द झाले तेही आवाजीच. मतविभाजन मागितलं तरी अध्यक्षांना ती मागणी अनावश्यक वाटली, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून मोजू शकतात, आणि नियमानुसार तेव्हाही नावं नोंदत नाहीत. म्हणून आता अशा ठिकाणी आम्ही रकाना रिकामा ठेवत नाही, 'आवाजी' असं लिहितो. रिकामा रकाना वाचणाऱ्याला गैरहजेरीच वाटतो.

खरं सांगायचं तर मतांच्या रकान्याला लोक देतात तेवढं वजन मी देत नाही. पक्षादेश (व्हिप) निघाला की १९८५ पासून दहाव्या अनुसूचीची, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याची, टांगती तलवार आहे. आदेश मोडून गैरहजर राहिलं तरी सदस्यत्व जाऊ शकतं. तो रकाना माणसापेक्षा पक्षाबद्दल जास्त सांगतो. माणूस दिसतो प्रश्नांत आणि समितीत. प्रश्नांतही मोजताना जपावं लागतं. एकाच अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नावर अनेकांची नावं असतात. शून्य प्रहरात दुसऱ्याच्या मुद्द्याशी नुसतं नाव जोडणारे वेगळे, पटलावर ठेवलेलं लेखी भाषण वेगळं. सगळं 'चर्चेत सहभाग' म्हणून एकत्र केलं की गप्प बसलेला खासदारही वक्ता ठरतो. मंत्र्यांचे प्रश्न शून्य असतात, कारण ते उत्तरं देतात. हजेरीपटावर सही करणंही त्यांना लागू नाही. त्यांना क्रमवारीत घालूच नये.

समितीची हजेरी तर कोणी बघतच नाही. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या, प्रत्येकीत ३१ जण, पैकी २१ लोकसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी परिशिष्टात बैठकीचं इतिवृत्त असतं आणि त्यात हजर सदस्यांची नावं. एकेक अहवाल उघडून मोजायचं, दुसरा मार्ग नाही.

संध्याकाळपर्यंत ४८ च्या ४८ ओळी नव्यानं तपासल्या आणि दुरुस्त तक्ता गेला. पोच देताना सहायकांनी आणखी एका मतविभाजनाची तारीख सांगितली, तिथंही असंच झालं असेल म्हणून. ती यादी मी दोनदा वाचली, चिठ्ठीवाल्या नावांसकट. साहेबांचं नाव कुठंच नव्हतं. तिथलं 'मत नाही' तसंच ठेवलं, आणि त्यांना तसं कळवलं.