व्यसनमुक्ती केंद्र निवडताना: रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं?

घोडबंदर रोडपासून पनवेल-कर्जतच्या फार्महाऊसपर्यंत व्यसनमुक्ती केंद्रांचे बोर्ड आता जागोजागी दिसतात. घरचे लोक फोन करतात तेव्हा प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. महिन्याचे किती, जेवण कसं, रूम एसी आहे का, आणि माणूस यायला तयार नसेल तर गाडी पाठवता का. या चारही प्रश्नांची उत्तरं छान मिळाली तरी केंद्र कसं आहे ते कळत नाही. त्याआधी विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं, नर्स की फक्त वॉचमन? फिट आली तर द्यायचं इंजेक्शन तिथेच आहे का? आणि आयसीयू असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे?

हा प्रश्न मुख्यतः दारूसाठी आहे. गर्द म्हणजे ब्राउन शुगर; ते थांबल्यावरची तडफड, म्हणजे 'टर्की', बघवत नाही, पण अंगाने धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर मात्र जीव जाऊ शकतो, आणि हे घरच्यांना सहसा कोणी सांगितलेलंच नसतं.

शेवटचा पेग किती वाजता घेतला, तिथून घड्याळ सुरू होतं. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट आली तर बहुतेक 12 ते 48 तासांत येते. 48 ते 96 तासांत काहींना डिलिरियम होतो: दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं, ताप चढतो, नाडी आणि बीपी वाढतं. म्हणजे शनिवारी रात्री दहाला शेवटचं प्यायलेल्या माणसाचा सगळ्यात नाजूक काळ सोमवार रात्र ते बुधवार रात्र. रविवारी दुपारी त्याला दाखल करून, 'बरा आहे, जेवला पण' असं म्हणत घरचे निघतात तेव्हा खरी गोष्ट सुरूही झालेली नसते. (बाइकवरून पडून पाय मोडलेल्या माणसाला ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी 'वेड लागतं', तेही बऱ्याचदा हेच असतं. लाजेपोटी सर्जनला दारूचं सांगितलेलं नसतं. सांगा.)

दाखल करताना 'थोडी घेतो' हे उत्तर डॉक्टरच्या उपयोगाचं नाही. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं, 650 मिलीच्या स्ट्राँग बियरमध्ये सुमारे 40. रोज किती क्वार्टर, शेवटची कधी, सकाळी उठल्यावर लागते का, आधी कधी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, शुगर-बीपीची औषधं कोणती, अलीकडे डोक्यावर पडला होता का, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. यात फिटचा इतिहास सगळ्यात महत्त्वाचा. आधी एकदा आली असेल तर पुढच्या वेळी पुन्हा येण्याची शक्यता वाढते. सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं तितका प्रत्येक वेळचा त्रास अधिक तीव्र होत जातो.

उपचार तसे साधे आहेत, पण ते देणारं आणि बघणारं माणूस लागतं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी पुरेशा डोसमध्ये सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, कारण आधीची दोन अशा शरीरात साचत जातात आणि माणूस गुंगीतच राहतो. दर काही तासांनी नाडी, बीपी, ताप, थरथर, घाम, तो कुठे आहे हे त्याला कळतंय का, हे तपासून डोस वर-खाली करायचा असतो. ही नोंद कागदावर दिसली पाहिजे. 'तुमचा चार्ट कसा असतो ते दाखवा,' असं केंद्रात बिनधास्त म्हणा. कोरा फॉर्म दाखवायला कोणाची हरकत नसते. फॉर्मच नसेल तर गडबड होते.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे बी-1. सतत पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं आणि आतड्यातून नीट शोषलंही जात नाही, म्हणून सुरुवातीला गोळी न देता इंजेक्शन देतात. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे 'अशक्तपणा आहे, सलाइन लावा' म्हणून आधी ग्लुकोज चढवणं. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं. उरलंसुरलं तिथेच संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. गोंधळलेपण, तोल जाणं, डोळ्यांची विचित्र हालचाल ही तिची लक्षणं, आणि वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून थायमिन आधी किंवा ग्लुकोजच्या बरोबरीने. शुगर खरोखरच घसरली असेल तर अर्थातच ग्लुकोज थांबवून ठेवायचं नाही.

तिसरी चूक: भ्रमात आरडाओरडा करणाऱ्याला नुसतं हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देऊन गप्प करणं. त्याने फिटची शक्यता वाढते, आणि मूळ विथड्रॉवलवर, म्हणजे दारू थांबल्याच्या त्रासावर, उपचार होतच नाही.

यावरून आमचं एक ठाम मत. आधी फिट आलेली असेल, रोजची दारू जास्त असेल, वय साठीकडे असेल किंवा कावीळ, शुगर, हृदयाचा त्रास असेल, तर पहिले पाच-सात दिवस ठाण्यात किंवा नवी मुंबईत सायकिअॅट्रिस्ट आणि फिजिशियन दोघंही असलेल्या हॉस्पिटलात काढावेत, आणि मग केंद्रात न्यावं. कर्जतच्या आतल्या गावातून पावसाळ्यातल्या रात्री आयसीयू गाठायचं म्हणजे काय, ते त्या रस्त्याने एकदा गेलेल्याला वेगळं सांगायला नको.

गर्दचं वेळापत्रक निराळं. आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, हातापायांत गोळे, जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आणि आठवडा-दहा दिवसांत उतार. ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालची गोळी यावर चांगली काम करते, पण ती टर्की स्पष्ट दिसायला लागल्यावरच द्यायची. अंगात गर्द असताना दिली तर ती त्याला हटवून जागा घेते आणि टर्की एकदम उसळते. मग 'त्या केंद्रात गोळी देऊन माझे हाल केले' म्हणून माणूस पळतो तो कायमचा. कोडीनच्या कफ सिरपचं व्यसनही याच जातीचं. 'बटन', म्हणजे नायट्राझेपाम, आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मात्र दारूच्या जातीच्या. एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, तीही कधी कधी आठवडाभराने, त्यामुळे त्या आठवडे लावून उतरवाव्या लागतात. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, अशी बदली गोळी नाही. पहिले काही दिवस माणूस नुसता झोपतो, खातो, चिडतो, उदास होतो. संशय आणि भास असतील तर त्यांचा वेगळा उपचार. या काळात आत्महत्येच्या विचारांकडे नीट लक्ष ठेवावं लागतं.

आता गाडी पाठवून उचलून नेण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, लागू झाला 29 मे 2018 पासून. दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी लागते. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे केलेली नोंदणी वेगळी. भिंतीवर फ्रेममध्ये तीच लावलेली असेल तर दुसरी मागा. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेला माणूस जायचं म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम 89. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाने नेमलेला किंवा कायद्याने ठरणारा माणूस) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक सायकिअॅट्रिस्ट), आणि स्वतःला किंवा इतरांना धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच नसणं, इतकं लागतं. मुदत 30 दिवस. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत. 'सहा महिने भरा, आम्ही बघतो' हे या चौकटीत कुठेच बसत नाही. साखळीने बांधणं, एकांतात कोंडणं, जबरदस्तीने टक्कल करणं, पैसे न देता कामाला लावणं, या सगळ्याला कायद्यात बंदी आहे. भेटायला येणारे लोक आणि फोन हा रुग्णाचा हक्क आहे. पहिले काही दिवस भेट नको, असं सांगण्यामागे कधी उपचाराचं कारण असू शकतं. पण महिनाभर भेटही नाही आणि फोनही नाही, असं असेल तर तिथे ठेवू नये. ड्रग्जच्या केसची भीती वाटत असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम 64 अ वकिलाला विचारा. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जातं.

खर्चाबद्दल थोडक्यात. मासिक आकड्यात औषधं, रक्ततपासण्या, सायकिअॅट्रिस्टची भेट आणि बाहेरच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं तर तो खर्च धरला आहे का, ते लेखी घ्या. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत दारू-ड्रग्जच्या उपचारांना वगळणारं कलम असतं, त्यामुळे क्लेमच्या भरवशावर राहू नका. 14446 या टोल-फ्री नंबरवर केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची माहिती मिळते. तिथे उपचार मोफत असतात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून तिकडे न फिरकणं परवडणारं नाही.

शरीर सावरलं की मग केंद्रातलं खरं काम सुरू होतं: वैयक्तिक समुपदेशन, गट, एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग, व्यायाम, झोपेची घडी बसवणं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा (स्थापना 1986) कार्यक्रम 35 दिवसांचा. महिना-सव्वा महिना हा आकडा मराठी घरांत त्यामुळेही रुजला असावा. पण उपचारांशी संबंध किमान तीन महिने राहिला तर फायदा दिसतो, आणि त्यात घरी आल्यानंतरची ओपीडी धरायची असते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पुढची तारीख, औषधांची चिठ्ठी आणि समुपदेशकाचं नाव हातात नसेल तर ते काम अर्धंच झालेलं आहे.

गर्द घेणाऱ्यासाठी घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त धोक्याचे. महिनाभर न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते आणि हाताला मात्र जुनीच मात्रा आठवते. तीच घेतली तर श्वास थांबू शकतो. टाचणीएवढ्या बाहुल्या, संथ घरघरता श्वास, निळे ओठ दिसले तर 108 ला फोन करा, कुशीवर वळवा आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. नालोक्सोन या गर्दवरच्या उताऱ्याने माणूस परत येतो, पण त्याचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी नेऊ नका.

दारूवर डायसल्फिराम, नॅलट्रेक्सोन, अॅकाम्प्रोसेट अशी औषधं आहेत. लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर त्यातलं एक निवडतात. नॅलट्रेक्सोन चालू असेल तर ऑपरेशन किंवा अपघाताच्या वेळी ते सांगायला हवं, कारण मॉर्फिनसारखी वेदनाशामकं मग काम करत नाहीत. डायसल्फिराम 'नकळत भाजीत मिसळा' अशा जाहिराती लोकलच्या डब्यातही दिसतात. ते करू नका. गोळीवर दारू पडली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. हृदयाचा रुग्ण यात दगावू शकतो. बाहेर प्यायलेल्या माणसाला आपल्या अंगात ती गोळी आहे हेच माहीत नसतं, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही नसतं. माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या दारूनंतर किमान 12 तासांनी, आणि घरातल्या एकाने रोज समोर बसून दिली तर तीच गोळी उपयोगी पडते. बंद केल्यावरही दोन आठवडे दारूशी तिचा संबंध येऊ शकतो. अल्कोहोल असलेली टॉनिकं आणि कफ सिरपही टाळायची.

बाकी तयारी कॅलेंडर बघून करायची. गटारी, थर्टीफर्स्ट, पगाराचा दिवस आणि आपल्याकडच्या हळदी. आगरी-कोळी हळदीला गेलं की 'एक घोट घे, काय होतंय' म्हणणारे सख्खे चुलतेच असतात. पहिलं वर्ष हळद चुकवून फक्त लग्नाला जायचं, तेही बायको-मुलांसोबत, आणि जेवण आटोपलं की निघायचं. नातेवाईक रुसतील, त्यांना घरातल्या मोठ्या माणसाने आधीच फोन करून ठेवावा. पगार काही महिने जॉइंट खात्यात. स्टेशनवरून घरी येताना बार लागत असेल तर रिक्षाचा रस्ता बदलायचा.

आणि तरीही एखाद्या संध्याकाळी तो पिऊन आला, तर त्या रात्री भांडण नको, गाडीची चावी काढून घ्या, झोपू द्या. सकाळी किती घेतली ते विचारून ओपीडीत न्या. एका दिवसाची असेल तर बहुतेक वेळा औषध आणि समुपदेशन नव्याने बसवून काम भागतं. पण पुन्हा रोजची सुरू होऊन काही आठवडे झाले असतील तर घरच्या घरी एकदम थांबवू नका. शेवटचा पेग किती वाजता, ते लिहा आणि निघा.