टॉमी जॉनची करंगळी

भालाफेक करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, सोबत वडील. एमआरआयमध्ये उजव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, अर्धवट फाटलेलं. वडील वाचून आले होते. "मॅडम, ते टॉमी जॉन ऑपरेशन करून टाकू. तो बेसबॉलवाला पुन्हा खेळला ना?"

खेळला. टॉमी जॉन डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा; सामन्यातला विजय-पराभव पिचरच्या नावावर मांडतात. 17 जुलै 1974 ला त्याचं हेच लिगामेंट गेलं, तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून त्या मोसमात त्याच्या नावावर 13 विजय आणि 3 पराभव होते. 25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढला, डाव्या कोपराच्या वरच्या-खालच्या हाडांत भोकं पाडली आणि तो इंग्रजी आठच्या आकारात ओवला. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी 1976 मध्ये परतला, 1977 मध्ये 20 विजय मिळवले, 1989 पर्यंत खेळला. एकूण विजय 288, त्यातले 164 ऑपरेशननंतरचे.

वडिलांनी 164 तेवढा धरून ठेवला. मधलं सांगायला हवं होतं, ते मी घाईत गाळलं, म्हणून इथे लिहितेय.

कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस या लिगामेंटला अगदी खेटून जाते. टॉमीची तीच नस बिघडली. बोटं वाकडी झाली, चेंडूवर पकड बसेना. डिसेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंत पंचवीस-तीस सेंटिमीटर मोजा, म्हणजे आठ ते दहा महिने. 1975 चा अख्खा मोसम त्याने असाच काढला. त्यात बसवलेल्या टेंडनलाही लिगामेंटसारखं घट्ट व्हायला वर्षभर लागतं. ऑपरेशनने हात आधीपेक्षा दणकट होतो, हा समज पसरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मुलाला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगितलं. डाव्या मनगटावर मधोमध दोरी ताठ उभी राहिली, उजव्यावर काहीच नाही. जोब यांनी वापरला तो हाच टेंडन. कित्येकांना तो जन्मतःच नसतो. दोन्ही हातांत नसला तर मांडीतला घ्यावा लागतो.

मग कोपर पूर्ण वाकवून, हात बाहेरच्या बाजूला ताणत झटकन सरळ केला. 120 ते 70 अंशांच्या मध्येच तो कळवळला. म्हणजे इजा खरी, पण एमआरआयप्रमाणे लिगामेंट पूर्ण तुटलेलं नाही. अशा वेळी आधी बारा आठवडे फेक बंद. मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम, कारण कोपराची आतली बाजू तेही सावरतात. खांदा आणि कंबर, कारण तिथून जोर आला नाही की सगळा भार कोपर घेतं. त्यानंतर हलका चेंडू, कमी अंतर, एक दिवसाआड. किती फेकी झाल्या ते वहीत लिहायचं. या मुलाच्या प्रशिक्षकाकडे फेकींचा हिशेबच नव्हता, फक्त अंतराचा होता.

वडील नाराज झाले. स्पर्धा जवळ आलीय, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो म्हणाले. जरूर दाखवा, म्हटलं.

मुलगा दारातून मागे वळला. "मॅडम, करंगळीला मुंग्या आल्या तर किती दिवस थांबू?"

"अजिबात नाही. त्याच दिवशी फोन कर."